परसातलं शिसं : इंदूरच्या एका वाड्याचं प्रकरण

जुन्या इंदुरात आमच्या आत्याचा वाडा आहे. मागे तीस फूट बाय तीस फुटांचं परसू, कोपऱ्यात विहीर, मोरीच्या तोंडाशी अळू, कडेने कर्दळ आणि मधोमध मोकळी जागा. आत्याची सून सकाळचे चार तास पाळणाघर चालवते, सात-आठ मुलं त्या मोकळ्या जागेत खेळतात. एका सप्टेंबरात त्यांतल्या अडीच वर्षांच्या मुलीच्या तोंडातून सुनेने माती काढली, तेव्हा मातीबरोबर नखाएवढी एक करडी कपची निघाली. आकाराच्या मानाने जड. तिने ती रुमालात बांधून माझ्यासाठी ठेवली, कारण मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं.

मी ती कपची कागदावर घासली. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली. नखाने दाबली तर ओरखडा पडला. बॅटरीच्या आतल्या जाळीचा तुकडा होता तो, म्हणजे शिसं.

मागच्या भिंतीपलीकडे पूर्वी बॅटऱ्या दुरुस्त करण्याचं एक छोटं दुकान होतं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, पट्ट्या बदलायच्या, आम्ल जमिनीवर ओतायचं आणि जागा पाण्याने धुऊन काढायची. भिंतीच्या तळाशी एक भोक आहे, त्यातून ते धुणं वर्षानुवर्षं आत्याच्या परसात येत राहिलं. दुकान बंद होऊनही आता बराच काळ झाला, तिथे कापडाचं गोदाम आहे. जुन्या बॅटऱ्या नोंदणी असलेल्या पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्याव्यात असा नियम २००१ पासून आहे, २०२२ मध्ये त्याची जागा नव्या नियमांनी घेतली. गल्लीबोळातल्या दुकानापर्यंत तो पोचला नाही. आत्याला इतकंच आठवत होतं की त्या भिंतीशी लावलेला मोगरा कधी टिकला नाही.

परसाचे दहा-दहा फुटांचे नऊ चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात पाच ठिकाणची वरची सहा इंच माती घेऊन एकत्र केली. भिंतीलगतच्या पाच फुटांच्या पट्ट्याचा नमुना वेगळा काढला आणि एक नमुना दोन फूट खोल खड्ड्यातून घेतला. ओळखीच्या एका प्रयोगशाळेने आम्लात विरघळवून एकूण शिसं मोजून दिलं. भिंतीलगत किलोला १८०० मिलिग्रॅम, विहिरीपाशी ९०, सगळ्या परसाची सरासरी सुमारे ५००. स्वच्छ मातीत हा आकडा साधारण १० ते ५० असतो. मुलं खेळतात त्या मातीसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जुनी ४०० ची पातळी जानेवारी २०२४ मध्ये २०० वर आणली. म्हणजे आमचं अंगण नव्या पातळीच्या अडीचपट होतं.

दोन फुटांवरच्या नमुन्यातही शिसं निघालं, याचं मला आधी नवल वाटलं. शिसं मातीत सहसा खाली उतरत नाही, वरच्या सहा-आठ इंचांत धरून राहतं. पण ही माळव्याची काळी माती. मे महिन्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात, वरची भुकटी त्यांत गळते आणि पावसाळ्यात माती फुगून त्या भेगा मिटतात. शिसं विरघळून खाली गेलं नव्हतं, धुळीबरोबर पडलं होतं. हा फरक पुढच्या सगळ्या कामात उपयोगी पडला.

आधी मुलांचं बोलते. मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसं पोटातून रक्तात घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी. मेंदूवर होणारा परिणाम सहसा परत फिरत नाही आणि निर्धोक म्हणावी अशी कुठलीही पातळी नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात, म्हणजे दर तिघांत एकाच्या, शिसं डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. सुनेने त्याच आठवड्यात सगळ्या पालकांना बोलावून कपची दाखवली आणि मुलांचं रक्त तपासून घ्यायला सांगितलं. ते आकडे मी इथे देत नाही, मुलं दुसऱ्यांची आहेत. ती बोलली नसती तर कोणाला कळलंही नसतं. पाळणाघराची तीन महिन्यांची फी तिने त्या हिवाळ्यात गमावली, आणि तिने ते मला पुष्कळ नंतर सांगितलं.

अळूच्या पानांचीही तपासणी केली. पालेभाजीत शिसं किलोला ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, ही आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची मर्यादा. न धुतलेलं पान तिच्या कितीतरी पट पुढे होतं. तीन पाण्यांनी धुतल्यावर आकडा खूप उतरला, तरी मर्यादेच्या वरच राहिला. पानातलं बरंचसं शिसं मुळांतून चढलेलं नव्हतं, पावसाच्या थेंबांनी उडालेली माती पानाच्या पाठीला चिकटली होती. मोरीच्या तोंडाशी अळू लावायची रीत आपल्या प्रत्येक जुन्या घरात आहे. सांडपाणी वाया जात नाही आणि वड्यांना पानं मिळतात, यात चूक काहीच नाही. वरून काय वाहत येतं, एवढंच कधी कोणी पाहिलं नव्हतं. आत्या ऐकून घेत होती. मग म्हणाली, "चाळीस वर्षं मी ह्याच्या वड्या सगळ्यांना खाऊ घातल्या गं." यावर मला काही बोलता आलं नाही.

दादाने, म्हणजे आत्याच्या मुलाने, कुठेतरी पाहिलं होतं की मोहरी जमिनीतलं शिसं शोषून घेते. ऑक्टोबरात त्याने सगळ्या परसात मोहरी पेरली. मी अडवलं नाही. मलाही आशा होती, आणि हिशेब मी पीक उभं राहिल्यावर मांडला. तो इथे पूर्ण देते, कारण "अमुक झाड लावा, विष ओढून घेईल" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं.

परसाचं क्षेत्र ८४ चौरस मीटर. वरच्या सहा इंच मातीचं वजन सुमारे १५ टन. किलोला ५०० मिलिग्रॅमने त्यात शिसं झालं साडेसात किलो. गाडीच्या एका बॅटरीत साधारण एवढंच शिसं असतं! एका बॅटरीचं शिसं भुकटी होऊन पसरलं की अख्खं अंगण मुलांना बंद होतं. आता मोहरी. चौरस मीटरला एक किलो वाळलेलं पीक धरलं तर ८४ किलो. त्यात किलोला १०० मिलिग्रॅम शिसं आलं असं मानलं, आणि चुनखडीच्या काळ्या मातीत तेवढं यायची शक्यता फार थोडी, तरी एका हंगामात निघणार आठ ग्रॅम. २०० च्या पातळीवर यायला साडेचार किलो काढायला हवं. म्हणजे पाचशेहून जास्त हंगाम. अहिल्याबाई १७६७ मध्ये गादीवर आल्या त्या वर्षापासून दर रब्बीला मोहरी पेरत आलो असतो, तरी आज निम्म्यापर्यंत पोचलो नसतो.

मोहरीचं ओढणं वाढवायला मातीत ईडीटीए हे धातूंना धरून विरघळवणारं रसायन घालण्याचे प्रयोग झाले आहेत. त्याने शिसं मोकळं होतं हे खरं. पण मोकळं झालेलं सगळं काही झाड घेत नाही, उरलेलं पाण्याबरोबर खाली जातं, आणि आमच्या परसात विहीर आहे. फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर २०११ मध्ये जपानमध्ये लोकांनी मोठ्या आशेने सूर्यफुलं लावली. सरकारी चाचणीत त्यांनी मातीतल्या किरणोत्सारी सीझियमचा सुमारे दोन हजारावा भाग उचलला असं निघालं. आर्सेनिकसाठी मात्र एक नेचा खरोखर काम करतो. तेव्हा कोणतं विष, कोणती माती आणि कोणतं झाड, हे तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय बोलू नये.

कापलेल्या मोहरीचाही प्रश्न होताच. इंदुरात ओला कचरा दारातून वेगळा नेतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या देवगुराडियाच्या प्रकल्पात सुरुवातीलाच रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करण्याची सोय होती. तिथे ही मोहरी गेली असती तर तिच्यातलं शिसं खतातून कोणाच्या तरी शेतात उतरलं असतं. दादाने ती बारीक करून भिंतीलगतच्या पट्ट्यातच पुरली.

तेव्हा ठरलं की शिसं काढायचं नाही, ते जागच्या जागी बांधून ठेवायचं. वरची माती खरवडून पीथमपूरच्या घातक कचऱ्याच्या जागी पाठवण्याचाही विचार झाला. पंधरा टन माती दाट वस्तीतून, उघड्या ट्रकमधून, धूळ उडवत न्यायची हे मनाला पटलं नाही, आणि खर्च आत्याच्या आवाक्याबाहेरचा होता. हाताला लागतील तेवढ्या कपच्या आणि पांढऱ्या-करड्या गुठळ्या आम्ही हातमोजे घालून वेचल्या आणि परवाना असलेल्या बॅटरीवाल्याच्या हवाली केल्या. त्यांचं वजन माझ्या अंदाजापेक्षा जास्त भरलं.

बांधायचं कशाने? तीन गोष्टींनी, आणि तिघींचं काम वेगळं.

पहिला बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा. निमाडातल्या नातेवाइकांकडून दीड टनाच्या आसपास तुराट्या आणल्या. शहरात धूर नको म्हणून सांवेर रोडकडच्या एका शेतात वर रुंद, तळाला निमुळता असा खड्डा खणला. आग वरून लावायची, तुराट्यांवर राखेची पहिली पांढरी झाक आली की पुढचा थर टाकायचा. वरच्या ज्वाळा हवा खालपर्यंत पोचू देत नाहीत, त्यामुळे खालचं लाकूड जळून राख होण्याऐवजी कोळसा होतं. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवायचं. तीनशे किलोच्या आसपास कोळसा मिळाला. चांगला कोळसा आपटला की खणखणतो, आणि हाताला लागलेलं काळं नुसत्या पाण्याने निघतं. तेलकट राहिलं तर भाजणी कच्ची. या कोळशाच्या असंख्य छिद्रांत आणि त्याच्या क्षारांवर शिसं अडकतं. १५ टन मातीला ३०० किलो म्हणजे दोन टक्के. त्याहून कमी घातला असता तर फारसा उपयोग झाला नसता.

दुसरं कंपोस्ट. याबाबतीत इंदूरच्या माणसाला दूर जावं लागत नाही. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञांनी इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत जी पद्धत बसवली, ती जगभर आजही इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे, तीन वेळा पलटी मारायची, तीन महिन्यांत खत तयार. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर यशवंत वाड यांचंही नाव आहे. रसायनाची बाजू सांभाळणारा आपल्यातलाच माणूस. त्याच जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे, आणि तिथून जाताना मला वाड यांची आठवण येते. आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस ढीग लावले, जूनच्या सुरुवातीला अडीच टन खत हाती आलं. विकतचं शहरी कंपोस्ट मुद्दाम टाळलं. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत शिसं चालतं. शेताला ते चालत असेल, पण इथे आम्ही शिशाशीच झगडत होतो.

तिसरा स्फुरद, म्हणजे फॉस्फेट. शिसं, फॉस्फेट आणि क्लोराइड मिळून पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज बनतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटातल्या आम्लातही फार थोडं सुटतं. हाडांचं खत यासाठी चांगलं, पण आत्याने नको म्हटलं आणि आम्ही पुढे विचारलं नाही. झाबुआकडे मेघनगरला रॉक फॉस्फेट निघतं, ते जवळचं आणि स्वस्त. पण ते आम्लधर्मी मातीत विरघळतं आणि आमच्या मातीचा सामू (पीएच) आठच्या वर. म्हणून थोडं सिंगल सुपर फॉस्फेट कंपोस्टमध्येच मुरवलं. जपूनच, कारण जास्तीचं स्फुरद पावसाबरोबर कान्ह नदीत जातं आणि त्या नदीने आधीच पुष्कळ सोसलं आहे. आर्सेनिकच्या जागी हाच उपाय उलटतो, फॉस्फेटमुळे आर्सेनिक मोकळं होतं. म्हणून मातीत आर्सेनिक नाही याची आधी खात्री करून घेतली होती.

दोन चुका झाल्या. मे महिन्यात, मी नसताना, दादाने कोरडी माती दंताळ्याने सारखी करायला घेतली. तासाभरात वाड्याच्या ओसरीपर्यंत धूळ. ज्या वाटेने शिसं पोटात जातं तीच आम्ही उघडून दिली होती. सुनेने सगळं घर ओल्या फडक्याने तीनदा पुसलं. दुसरी चूक जुलैत. कोळसा आणखी "जिवंत" व्हावा म्हणून दादाने परसात जीवामृताच्या दोन टाक्या ओतल्या. पुढच्या पावसात वाहून आलेल्या पाण्यात विरघळलेलं शिसं वाढलेलं दिसलं. ताज्या शेणामुताच्या पाण्यात विरघळणारे सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात, ते शिशाला धरून आपल्याबरोबर पाण्यात नेतात. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट शिशाला मातीत धरतं, अर्धवट कुजलेलं त्याला बाहेर काढतं. दादाची तळमळ खरी होती. "अगं, आपल्या शेतकऱ्यांना चालतं ते इथे का नाही?" असं त्याने विचारलं, तेव्हा मलाही नीट सांगायला अर्धा तास लागला.

मुख्य काम दोन पाऊस पडून वाफसा आल्यावर केलं. माती ओलसर, कोळसा भिजवलेला, तोंडाला मास्क, कामाचे कपडे वेगळे धुवायचे. कोळसा महिनाभर कंपोस्टमध्ये मुरत ठेवलेला होता. कुदळीने सहा इंचांपर्यंत सगळं एकजीव केलं. मुलं तोवर पुढच्या दिवाणखान्यात.

विहिरीचं वेगळं होतं. प्यायला नर्मदेचं पाणी येतं, विहिरीचं पाणी झाडांना आणि धुण्याला. पावसाळ्यात गढूळ असताना तसंच तपासलं तर शिसं पिण्याच्या पाण्याच्या ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेच्या खूप वर, आणि तेच पाणी बारीक गाळणीतून काढून तपासलं तर मर्यादेच्या आत. शिसं गाळाबरोबर येत होतं. मग रसायन कशाला? पाणी विहिरीत पडण्याआधी थोडं थांबलं की पुरे. विहिरीच्या वरच्या अंगाला अठरा फुटांचा चर खणला. सुरुवातीला गाळ बसायला छोटा खड्डा, पुढे गिट्टी, त्यावर वाळू आणि कोळसा, वर दाट वाळा आणि ओलाव्याच्या टोकाला आत्याचीच कर्दळ. भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं. कठडा वीतभर उंच केला. या चरात खरं काम गिट्टी आणि वाळ्याच्या दाट काड्या करतात. कोळसा उरलंसुरलं धरतो, पण तो कधीतरी भरतो आणि बदलावा लागतो.

वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात आणि शिसं बहुतेक मुळांतच ठेवतात, पात्यांत फार थोडं चढू देतात. म्हणूनच तो निवडला. पण आपल्याकडे उन्हाळ्यात वाळ्याची जुडी माठात टाकतात. आत्याने पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं, "आता घरचाच वाळा झाला, टाकू ना माठात?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही सूचना मी आधीच द्यायला हवी होती. ही मुळं माठात नाहीत, पडद्याला नाहीत, उटण्याला नाहीत. सुनेने तशी पाटी लावली आहे.

भिंतीलगत वाळा जगला नाही. तिथे दिवसभर सावली, आणि त्याला ऊन लागतं. त्या पाच फुटांवर शेवटी फरशी घातली. मुलांच्या जागेवर जाड जाळीदार कापड अंथरून त्यावर आठ इंच तपासलेली माती आणि हरळी. उरलेल्या भागात मांडवावर दुधी आणि घोसाळी, खाली वांगी. फळांत शिसं सर्वांत कमी उतरतं, मुळा-गाजर आणि पालेभाज्या तिथे कायमच्या बंद. अळू आता नव्या मातीच्या सिमेंटच्या कुंड्यांत, जमिनीपासून दोन फूट वर.

दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा तपासलं. एकूण शिसं थोडं कमी दिसलं ते खत-कोळशाच्या मिसळणीमुळे, ते कुठे गेलेलं नाही. झाडांना मिळू शकेल असं शिसं मात्र निम्म्याहून खाली आलं होतं. वांगी आणि कुंडीतला अळू मर्यादेच्या आत. भर पावसातलं विहिरीचं पाणी पहिल्यापेक्षा पुष्कळ निवळ, तरी पिण्याला अजून नाही म्हणूनच लिहून ठेवलं आहे. पाळणाघर पुन्हा परसात भरतं. आत जाताना हात धुवायचे, हा मुलांचा आता खेळच झाला आहे.

दर मे अखेरीस, पावसाआधी, चार ठिकाणचे नमुने जातात. चराच्या खड्ड्यातला गाळ काढला जातो. दादाने परसाचा नकाशा काढून प्रत्येक चौकोनात त्याचे आकडे लिहिले. भिंतीपासून पाच फुटांवर लाल रेघ मारली आणि खाली आत्याच्या सांगण्यावरून ठळक अक्षरांत लिहिलं : 'ही फरशी काढू नये, इथे खणू नये, खाली शिसं आहे.' त्या नकाशाची एक प्रत वाड्याच्या खरेदीखताला टाचली आहे.